३-३ झाल्यावर काय? एका क्लबच्या स्नूकर लीगमधल्या बरोबरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मोठ्या शहरातल्या जुन्या जिमखान्याचं आहे. क्लबचं नाव देत नाही, संघांना इथे टोपणनावं दिली आहेत. मी तेव्हा बिलियर्ड्स उपसमितीत होतो आणि बैठकांची टिपणं माझ्याकडे असायची.

जिमखान्याच्या हॉलमध्ये पूर्ण मापाची, म्हणजे बारा बाय सहा फुटांची दोन टेबलं आहेत. भिंतीवर विल्सन जोन्स यांचा फोटो आहे. जन्म पुण्याचा, १९५८ मध्ये कलकत्त्यात बिलियर्ड्सचे जगज्जेते. त्यामुळे आमच्याकडच्या ज्येष्ठ सभासदांचा जीव अजूनही स्नूकरपेक्षा बिलियर्ड्समध्ये जास्त. हे पुढे महत्त्वाचं ठरणार आहे.

पावसाळ्यात मैदानं बंद असतात तेव्हा अंतर्गत स्नूकर लीग होते. आठ संघ, प्रत्येकात तीन खेळाडू: ए, बी आणि सी. ए विरुद्ध ए, बी विरुद्ध बी, सी विरुद्ध सी अशा लढती. प्रत्येकाला हँडिकॅप, म्हणजे कच्च्या खेळाडूला फ्रेमच्या, म्हणजे एका डावाच्या, सुरुवातीलाच काही गुण बोर्डावर. या लेखात येणारे तीन संघ म्हणजे डॉक्टर मंडळी, बँकवाले आणि मार्केट यार्डवाले. बाकीच्यांचं इथे फारसं काम नाही.

अडचण

पूर्वी प्रत्येक लढत ‘तीनपैकी दोन फ्रेम’ अशी असायची. तीन लढती, म्हणून एक संघ जिंकणारच. बरोबरीचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न वेळेचा होता. आमच्या दर्जाच्या खेळाडूंची एक फ्रेम सरासरी पस्तीस मिनिटं घेते. एका सामन्यात सहापासून नऊपर्यंत कितीही फ्रेम होऊ शकत, म्हणून सामन्याला दोन्ही टेबलं द्यावी लागत. आठ संघांचे अठ्ठावीस सामने, आठवड्यातल्या दोन संध्याकाळी, असे चौदा आठवडे. लीगमध्ये नसलेल्या सभासदांनी मंगळवार-गुरुवारी टेबलाकडे नुसतं बघायचं. त्यांची लेखी तक्रार कार्यकारिणीकडे गेली आणि तिथून आमच्याकडे आली. त्यात मार्कर मामांचं, म्हणजे गुण मांडणाऱ्या आणि टेबलं सांभाळणाऱ्या आमच्या कर्मचाऱ्याचं, गाऱ्हाणंही होतं. हॉल अकराला बंद व्हायला हवा. मामा टेबलावर कापड घालून, दिवे मालवून निघेपर्यंत शेवटची बस गेलेली असायची.

सेक्रेटरींनी सुचवलेला उपाय साधा होता. प्रत्येक लढतीत बरोबर दोन फ्रेम. सामन्यात सहा फ्रेम, साडेतीन तास, एकच टेबल पुरे. सातला सुरू, साडेदहाला संपलं. एका संध्याकाळी दोन सामने बसतात, म्हणजे लीगला फक्त गुरुवार लागतो आणि मंगळवार सभासदांना परत मिळतो.

याला कुणाचाच विरोध नव्हता. मग एका कप्तानाने विचारलं, “आणि ३-३ झालं तर?”

समोर असलेले पर्याय

पहिली प्रतिक्रिया एका ज्येष्ठांची होती. स्नूकरमध्ये बरोबरी नसतेच, असं त्यांचं म्हणणं. फ्रेमअखेर गुण समान झाले तर ब्लॅक, म्हणजे शेवटचा काळा चेंडू, पुन्हा त्याच्या जागी ठेवतात, नाणं उडवून कोणी आधी खेळायचं ते ठरतं, पांढरा चेंडू डीमधून, म्हणजे टेबलाच्या एका टोकाला आखलेल्या अर्धवर्तुळातून, खेळायचा, आणि पहिला पॉट (चेंडू खिशात) किंवा पहिला फाउल झाला की फ्रेम संपली. खेळानेच बरोबरी नाकारलेली असताना आपण ती कशाला आत घ्यायची?

मुद्दा ऐकायला पक्का आहे, पण तो फ्रेमपुरता. अनेक फ्रेमच्या सामन्याबद्दल नियमपुस्तक असं काही सांगत नाही, आणि व्यावसायिक खेळाडूंनीही बरोबऱ्या पचवलेल्या आहेत. इंग्लंडमधल्या प्रीमियर लीग स्नूकरमध्ये काही वर्षं साखळी सामने सहा फ्रेमचेच होते आणि ३-३ चालायचं. करोनाच्या पहिल्या टाळेबंदीनंतर जून २०२० मध्ये मिल्टन कीन्सला चॅम्पियनशिप लीग झाली, तिथे गटातले सामने चार फ्रेमचे होते. विजयाला ३ गुण, २-२ ला एकेक. तेव्हा बरोबरी म्हणजे खेळाचा अपमान, हा आक्षेप तिथेच संपला.

दुसरी सूचनाही ज्येष्ठांकडूनच आली: सहाही फ्रेममधले एकूण गुण मोजा, ज्याचे जास्त तो जिंकला. एकाने लगेच रणजीचा दाखला दिला. सामना अनिर्णित राहिला तरी पहिल्या डावात आघाडी घेणाऱ्याला ३ गुण मिळतात आणि दुसऱ्याला १, मग इथे काय हरकत आहे? त्याला उत्तर म्हणून तरुण कप्तानांनी २०१९ ची विश्वचषक अंतिम लढत काढली. सुपर ओव्हरही बरोबरीत सुटली आणि चौकार-षटकार मोजून इंग्लंडला चषक दिला. त्याच वर्षी आयसीसीला तो नियम बदलावा लागला.

क्रिकेट बाजूला ठेवलं तरी ही सूचना स्नूकरला मानवत नाही. बिलियर्ड्समध्ये प्रत्येक गुणाला किंमत असते, म्हणून तिथे वाढलेल्या माणसाला ती सहज सुचते. स्नूकरमध्ये तीस गुणांनी मागे आणि टेबलावर फक्त कलर (लाल संपल्यावर उरणारे सहा रंगीत चेंडू), म्हणजे २७ गुण, अशी वेळ आली की शहाणा माणूस हात मिळवून पुढच्या फ्रेमला लागतो. एकूण गुण मोजायचे ठरले तर कुणीही फ्रेम सोडणार नाही, प्रत्येक मेलेली फ्रेम शेवटच्या ब्लॅकपर्यंत चालेल आणि वाचवलेला वेळ पुन्हा गेला. शिवाय हँडिकॅपचे गुण त्यात धरायचे की वगळायचे, यावरच दोन बैठका खर्ची पडल्या असत्या.

तिसरा पर्याय सातवी, निर्णायक फ्रेम. इथे उपसमितीतल्या एका निवृत्त सांख्यिकी प्राध्यापकांनी पाकिटाच्या मागच्या बाजूला आकडेमोड केली. दोन्ही संघ तुल्यबळ धरले, म्हणजे प्रत्येक फ्रेम नाणेफेकीसारखी, तर सहांत ३-३ होण्याची शक्यता ६४ मध्ये २०, सुमारे ३१ टक्के. एक संघ बऱ्यापैकी सरस असला, दहातल्या सहा फ्रेम जिंकणारा, तरी २८ टक्के. सत्तर टक्के जिंकणारा संघ असेल तेव्हा कुठे ती १८-१९ टक्क्यांवर येते. एका गुरुवारी दोन सामने असतील तर त्यातला किमान एक सातव्या फ्रेमला जाण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. म्हणजे दर दोन गुरुवारांतल्या एका गुरुवारी मामांची बस चुकणार.

या आकड्यांनी चर्चेचा सूर बदलला. तोवर सगळे ‘३-३ कधीतरी होईल’ असं धरून बोलत होते. अठ्ठावीस सामन्यांत आठ-नऊ बरोबऱ्या होणार असतील तर ती लीगची रोजची गोष्ट आहे आणि गुणपद्धत तिच्याभोवतीच आखायला हवी.

सहा रेडची, म्हणजे पंधराऐवजी सहाच लाल चेंडूंची, छोटी निर्णायक फ्रेम हाही विचार झाला. सिक्स-रेड आपल्याकडे रुळलेला प्रकार आहे आणि निम्म्याहून कमी वेळात आटपतो. अडचण अशी की प्रत्येक कप्तान ती खेळायला आपल्या ए खेळाडूलाच उतरवणार. ज्या लीगमध्ये सी खेळाडूच्या फ्रेमला ए इतकीच किंमत आहे, तिथे शेवटचा शब्द मात्र कायम ए चा होणार. तो नाकारला गेला.

आणखी एक पर्याय होता, सामन्याचा निकालच न मोजण्याचा: जिंकलेल्या प्रत्येक फ्रेमला एक गुण आणि हंगामाअखेर ज्याच्या फ्रेम जास्त तो वर. मला आजही हाच सगळ्यात स्वच्छ वाटतो. पण आमच्याकडे वॉकओव्हर बरेच होतात. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मार्केट यार्डवाल्यांचा पूर्ण संघ उभा राहणं कठीण, आणि अशा वेळी समोरच्याला आयत्या सहा फ्रेम मिळणं कप्तानांना पटेना. “जिंकलो की हरलो हे घरी जाऊन सांगता आलं पाहिजे,” असंही एकजण म्हणाला. त्याला काय उत्तर देणार!

राहिली बरोबरी. तिला किती गुण द्यायचे?

पहिला निर्णय: २-१-०

फुटबॉलसारखं ३-१-० करा, म्हणजे संघ जिंकायला खेळतील, असा आग्रह होता. मी विरोधात बोललो. फुटबॉलमध्ये शेवटची वीस मिनिटं बचाव करून बरोबरी राखता येते, म्हणून तिथे बरोबरीला कमी किंमत देण्यात अर्थ आहे. स्नूकरच्या सहा फ्रेममध्ये ‘बरोबरीसाठी खेळणं’ असं काही नसतं. प्रत्येक फ्रेम कुणीतरी जिंकतोच. आमच्याकडे ३-३ होतं ते मुख्यतः हँडिकॅप नीट बसल्यामुळे. हँडिकॅपर वर्षभर डोकं लावून संघ समान पातळीवर आणणार, आणि ते समान निघाले की आपण दोघांचा मिळून एक गुण कापणार, हे उलटं आहे.

आठ कप्तानांच्या मतदानात ५ विरुद्ध ३ असं २-१-० ठरलं. गुण समान झाले तर जिंकलेल्या-हरलेल्या फ्रेमचा फरक. पहिले चार संघ उपांत्य फेरीत.

पहिला हंगाम

पहिले बारा गुरुवार मजेत गेले. साडेदहा-पावणेअकराला हॉल रिकामा. मंगळवारी नवीन सभासद क्यू घेऊन येऊ लागले. बरोबऱ्या होत होत्या आणि कुणाची तक्रार नव्हती. उलट ०-२ ने मागे पडलेला संघही शेवटच्या सी लढतीपर्यंत बसून राहायला लागला, कारण एक गुण अजून हाताशी असायचा.

घोळ झाला तो सातव्या, शेवटच्या फेरीत.

एका गुरुवारी दोनच सामने होतात, त्यामुळे प्रत्येक फेरी दोन आठवड्यांत विभागलेली. शेवटच्या फेरीच्या पहिल्या गुरुवारी मार्केट यार्डवाले जिंकले आणि ८ गुणांवर गेले. पहिले दोन संघ ठरले होते. उरल्या दोन जागा. पुढच्या गुरुवारी डॉक्टर विरुद्ध बँकवाले, दोघंही ७ गुणांवर, आणि फ्रेमच्या फरकात दोघंही मार्केट यार्डवाल्यांच्या पुढे. कुणी जिंकलं तर हरणारा बाहेर आणि मार्केट यार्डवाले आत. ३-३ झालं तर दोघंही आत.

हे गणित त्या आठवड्यात सगळ्या क्लबला पाठ झालं होतं.

सामना चुरशीचाच झाला. पाच फ्रेमनंतर बँकवाले ३-२ ने पुढे. सहावी फ्रेम सी खेळाडूंची: एकीकडे साठी ओलांडलेले बँकेतले काका, दुसरीकडे एक डॉक्टर. पावणेअकरा वाजलेले. बोर्डावर डॉक्टर ५८, काका ४६. टेबलावर पिंक आणि ब्लॅक, म्हणजे १३ गुण बाकी. काकांची पाळी. दोन्ही पॉट केले असते तर एका गुणाने फ्रेम आणि ४-२ ने सामना. पिंक बाजूच्या कुशनला, म्हणजे टेबलाच्या कडेला, चिकटलेला होता आणि पांढरा टेबलाच्या दुसऱ्या टोकाला. काका टेबलाभोवती एक चक्कर मारून आले, क्यूच्या टोकाला खडू लावला, वाकले, पुन्हा उभे राहिले. मग हसून हात पुढे केला. “घ्या डॉक्टर, झालं. गुडघा ऐकत नाही आज.”

३-३.

भिंतीलगतच्या बाकावर मार्केट यार्डवाल्यांचे कप्तान चहाचा ग्लास घेऊन बसले होते. ते उठून थेट मामांकडे गेले आणि म्हणाले, “मामा, बोर्ड पुसू नका.” त्यांनी बोर्डाचा फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी तक्रार आली.

तक्रारीचा निवाडा

उपसमितीपुढे तीन रस्ते होते. निकाल कायम ठेवणं. ती एक फ्रेम तिथून पुढे किंवा नव्याने खेळवणं. किंवा मार्केट यार्डवाल्यांना पाचवा संघ म्हणून आत घेऊन एक जादा सामना लावणं.

काकांना बोलावलं. ते दुखावलेले होते. चाळीस वर्षं या हॉलमध्ये खेळतोय, तो पिंक मी दहात एकदा घातला असता, असं ते म्हणाले, आणि शॉट पाहिलेल्या कुणालाही ते खोटं म्हणता आलं नाही. पण त्यांनी एक गोष्ट न विचारता सांगितली: “जिंकायलाच हवं असतं तर मारून पाहिला असता.”

यात लबाडी नाही आणि निरागसपणाही नाही. संगनमत झालं नव्हतं. कुणी कुणाशी बोललं नव्हतं. तक्त्याने दोघांना एकच सोयीची जागा दाखवली आणि अवघड शॉट मारायचं कारण नाहीसं झालं. १९८२ च्या फुटबॉल विश्वचषकात हिहोनला पश्चिम जर्मनीने ऑस्ट्रियावर लवकर एक गोल केला, त्या निकालावर दोघंही पुढे जात होते, आणि उरलेला वेळ चेंडू इकडून तिकडे फिरत राहिला. तिथेही नियम मोडला नव्हता. बाहेर अल्जीरिया पडली. १९८६ पासून विश्वचषकात गटातले शेवटचे सामने एकाच वेळी खेळवतात ते त्यामुळेच.

व्यावसायिक स्नूकरमध्ये ‘स्नूकर लागत नसताना’, म्हणजे टेबलावर उरलेल्या गुणांत अजून जिंकता येत असताना, फ्रेम सोडणं गैरवर्तनात मोडतं. आमच्या नियमपत्रिकेत तसा शब्दही नव्हता, आणि मागाहून नियम करून जुन्या फ्रेमला लावणं बरोबर नव्हतं. निकाल कायम ठेवला. मार्केट यार्डवाल्यांनी उपांत्य फेरी पाहायला येणं सोडलं, आणि त्यांच्या बी खेळाडूने पुढच्या वर्षी नाव दिलं नाही. चांगला खेळाडू होता.

दुसऱ्या हंगामातले बदल

बैठकीत आधी मागणी आली ती बरोबरीच बंद करण्याची. पण तेरा गुरुवार जे नीट चाललं होतं ते एका गुरुवारसाठी का मोडायचं, हे कुणाला सांगता येईना.

तोडगा हॉकीकडून आला. एफआयएच, म्हणजे आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघ, त्यांच्या प्रो लीगमध्ये पूर्ण वेळेत जिंकलात तर ३ गुण. बरोबरी झाली तर दोघांना एकेक आणि शूटआउट जिंकणाऱ्याला एक बोनस. म्हणजे ३-० किंवा २-१, सामन्याचे एकूण गुण कायम तीनच. बरोबरीचा दंड नाही आणि तरी तिथे थांबण्यात फायदा नाही. आमच्यासाठी शूटआउट तयारच होतं: टेबलावर एकटा ब्लॅक, पहिला पॉट किंवा पहिला फाउल. तो कोण खेळणार यासाठी मामांच्या खडूच्या डबीत ए, बी, सी अशा तीन चिठ्ठ्या. जी निघेल त्या पातळीचे दोन खेळाडू. ए ची मक्तेदारी संपली आणि हँडिकॅपचा प्रश्नही आला नाही.

याच्या जोडीला एक ओळ नियमपत्रिकेत आली: टेबलावरच्या गुणांत फ्रेम जिंकता येत असेल तोवर ती सोडता येणार नाही.

निष्पत्ती

दुसऱ्या हंगामात सात सामने ३-३ झाले. सहा वेळा ब्लॅक पाच-सात मिनिटांत निकाली निघाला आणि हॉलमध्ये लीगच्या अख्ख्या संध्याकाळीत नसते इतकी माणसं त्या पाच मिनिटांना टेबलाभोवती उभी असायची. सातव्या वेळी दोन सी खेळाडूंनी सेफ्टी, म्हणजे पॉट न करता समोरच्याला अवघड जागा ठेवणं, खेळायची ठरवली. ब्लॅक एका कुशनवरून दुसऱ्या कुशनवर, वीस मिनिटं. शेवटी एकाने ब्लॅकला न लागता पांढरा खिशात घातला आणि सुटले सगळे. मामांची बस त्या दिवशी गेली; डॉक्टरांपैकी एकाने त्यांना घरी सोडलं.

नशिबाचा भाग वाढला, ही टीका खरी आहे. एका ब्लॅकवर एक गुण जातो. पण तो सामना नेत नाही, फक्त तिसरा गुण नेतो, आणि हे बहुतेकांना चालतं असं दिसतं. मार्केट यार्डवाले यंदा तिसरे आले. त्यांचा बी खेळाडू परत आलेला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

प्राध्यापकांचं पाकीट पहिल्याच बैठकीत यायला हवं होतं. किती वेळा बरोबरी होणार हे माहीत नसताना आम्ही ती ‘चालवून घ्यायची का’ यावर तावातावाने बोलत होतो.

फ्रेम सोडण्याचा नियम कुठल्याही संघ-लीगमध्ये पहिल्या दिवसापासून हवा. एकट्याच्या सामन्यात फ्रेम सोडणं हे खेळाडूचं स्वतःचं नुकसान; संघ-लीगमध्ये ते बाकावर बसलेल्या तिसऱ्याचं होऊ शकतं.

बोनस गुणाने मूळ दुखणं पूर्ण गेलेलं नाही, हेही नोंदवायला हवं. दोन संघांना एकेक गुण पुरत असेल तर ते आजही ३-३ करून आत जाऊ शकतात; ब्लॅक कोण घालतो याने मग फक्त क्रम बदलतो. म्हणून वरच्या क्रमाला थोडी किंमत दिली आहे: उपांत्य फेरीत टेबल निवडण्याचा हक्क. एक नंबरचं टेबल वेगवान आहे आणि सगळ्यांना तेच हवं असतं. एवढ्याने काकांनी तो पिंक मारला असता का? मला शंका आहे.

खरा इलाज वेळापत्रकात आहे. दोन टेबलांवर चार सामने एकाच वेळी होत नाहीत, पण ज्या दोन सामन्यांवर जागा अवलंबून आहेत ते शेजारी शेजारी, एकाच संध्याकाळी लावता येतात. त्यासाठी सातव्या फेरीचा क्रम आधी न छापता सहावी फेरी संपल्यावर ठरवायला हवा. तीन सामने जिवंत असतील तर हेही पुरणार नाही. मग रविवार सकाळ आणि शेजारच्या स्नूकर पार्लरमधलं एक टेबल भाड्याने, एवढाच मार्ग उरतो. तिथलं कापड संथ आहे, म्हणून दोन कप्तानांचा त्याला विरोध आहे. सहाव्या फेरीनंतर क्रम ठरवण्याची सूचना मात्र तिसऱ्या हंगामासाठी मंजूर झाली आहे. ती मांडली बँकवाल्यांनी आणि अनुमोदन दिलं मार्केट यार्डवाल्यांच्या कप्तानांनी.